जुन्या बंदुकांची पारख व खरेदींतील संशयस्थळें

ऐतिहासिक साधनांचा संग्रह म्हटला म्हणजे दफ्तरें, पोथ्या, ताम्रपट व नाणीं हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. या साधनांची परीक्षा कशी करावी याचें शास्त्र आपल्याकडे गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत बरेंच सिद्ध झालें आहे. जुन्या शस्त्रांची, त्यांतहि बंदुकांची, गोष्ट तशी नाहीं. तरवारीचें पातें व मूठ यांविषयीं चार शब्द सांगणारे जाणते लोक अजून भेटतात. परंतु बंदूक पुढें ठेवली असतां 'ही फार जुनी आहे' यापलीकडे सहसा कोणी जात नाहीं. आणि किंमती मात्र लक्षावधि रुपयांच्या घरांत जाऊं लागल्या आहेत. ज्ञान थोडें आणि पैसा फार अशा ठिकाणीं लबाडीला वाव मिळतो, व प्रामाणिक वस्तूवरहि विनाकारण संशय येतो. अशा प्रसंगीं संग्राहकानें कोणत्या क्रमानें विचार करावा तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

मंगळवेढ्यासारख्या गांवीं हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नाहीं. मिर्झाराजा जयसिंहाच्या विजापुरावरील स्वारींत, डिसेंबर १६६५ मध्यें, शिवछत्रपतींच्या फौजेनें येथील किल्ला घेतला. पुढें १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी येथून जवळच, भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस होती. कालांतरानें हा भाग पटवर्धनांकडे आला, व १९४८ पर्यंत सांगली संस्थानांत राहिला. इतक्या फौजा ज्या भूमीवरून गेल्या तेथें एखाद्या घरीं जुनें शस्त्र निघावें हें स्वाभाविक आहे. परंतु याच इतिहासाचा उपयोग विकणारा कसा करतो तें पाहावें. नळी गंजलेली असली कीं ती 'आलमगिराच्या छावणींतली'; दस्त्यावर चांदीचा पत्रा असला कीं ती 'सरदारांच्या शिलेखान्यांतली'. स्थळाचा इतिहास एवढेंच सांगतो कीं अशी वस्तु येथें असणें शक्य आहे. शक्य असणें निराळें व असणें निराळें.

प्रमाणांचा विवेक

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं आहेत. जिचा मूळ सांगणारा कोण हें ठाऊक नाहीं अशा परंपरागत वदंतेला 'ऐतिह्य' म्हणतात. नैयायिकांनीं तिला स्वतंत्र प्रमाण मानलें नाहीं. सांगणारा विश्वासार्ह आहे असें ठरेल तेव्हांच ती शब्दप्रमाणांत येते. बंदुकीच्या खरेदींत हा विवेक जसाच्या तसा उपयोगी पडतो. नळी, चाप व दस्ता यांची पाहणी हें प्रत्यक्ष. त्यांवरील खुणांवरून काळ व देश ठरविणें हें अनुमान. ज्ञात काळाच्या दुसऱ्या बंदुकीशीं ताडून पाहणें याला स्थूलमानानें उपमान म्हणावें. यादी, पत्र, पावती हा शब्द. आणि 'आमच्या पणजोबांपासून असें सांगत आले आहेत' हें ऐतिह्य. बाजारांत अधिक पैसा मागितला जातो तो बहुधा या शेवटच्यासाठीं.

ऐतिह्याचा निकाल किती कठीण असतो याचें एक उदाहरण वाचकांच्या स्मरणांत असेल. लंडन येथील व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या संग्रहालयांत दर्शनासाठीं ठेवण्यांत आलीं. अफझलखानाच्या वधाच्या वेळचीं तीं हींच, व तीं ग्रँट डफास पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालीं, अशा आशयाचा लेख त्यांच्या पेटीवर आहे. तरीहि ही गोष्ट सिद्ध करतां येत नाहीं असें तें संग्रहालय स्वतःच सांगतें. जुना लेख आहे, मध्यें नांवाजलेला इतिहासकार आहे, आणि तरीहि जेथें निर्णय राखून ठेवावा लागतो, तेथें निव्वळ तोंडी वार्तेवर लाखाची रक्कम मोजणें कितपत शहाणपणाचें याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

संस्कृत वाङ्मयांतहि या विषयाचा एक बोधप्रद दाखला आहे. शुक्रनीतींत नालिक अस्त्राचे लघु व बृहत् असे दोन भेद सांगून अग्निचूर्णाची कृति दिली आहे. गुस्ताव्ह ओपर्ट यांनीं १८८० मध्यें या व अशा आधारांवरून प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादन केलें. पुढें हाच पुरावा उलट बाजूनें वाचला गेला. ज्या ग्रंथांत अशा बंदुकीचें वर्णन येतें तो ग्रंथच अर्वाचीन असला पाहिजे, असा तर्क निघाला, व लल्लनजी गोपाळ यांनीं १९६२ मध्यें तो एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. ग्रंथानें अस्त्राला जुनें ठरविलें नाहीं; अस्त्रानेंच ग्रंथाला नवें ठरविलें. संग्राहकानें बंदूक हातीं घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिच्यावरील सर्वांत जुनी खूण तिचें वय सांगत नाहीं. सर्वांत नवी खूण सांगते.

एक वस्तु नव्हे, तीन वस्तूंचा जोड

बंदूक म्हणजे नळी, चाप आणि दस्ता या तिहींचा जोड होय. चाप म्हणजे आग पाडण्याचें सर्व यंत्र असा अर्थ येथें घेतला आहे. या तिहींचें आयुष्य सारखें नसतें. लांकूड किडतें व तडकतें, चापाची कमान निकामी होते, नळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून जुन्या नळीला नवा दस्ता व निराळा चाप बसविण्याची चाल कारखान्यांत होती, तशी खेड्यांतील लोहार-सुतारांकडेहि होती. एखाद्या पोथीचीं मधलीं पानें एका हातचीं, पहिलीं व शेवटचीं दुसऱ्या हातचीं, आणि पुष्पिका तिसऱ्याच पोथीची असावी, तसा हा प्रकार आहे. असा जोड खोटा नव्हे. जी दुरुस्ती वापरासाठीं झाली ती त्या बंदुकीचा इतिहासच होय. पण असा जोड 'मूळ स्थितींतील' म्हणून विकणें हें मात्र असत्य होय.

आग पाडण्याच्या रीतीवरून बंदुकांचे तीन मुख्य वर्ग पडतात. पहिला तोड्याच्या बंदुकीचा. हींत जळती जामगी घोड्याला धरून ती रंजकावर टेकवीत. दुसरा चकमकीच्या बंदुकीचा. हींत गार पोलादावर आपटून ठिणगी पडते. तिसरा टोपीच्या बंदुकीचा. हींत आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग होतो. या तिसऱ्या रीतीचें मूळ असलेलें पेटंट स्कॉटलंडांतील पाद्री फोर्सिथ यांनीं १८०७ मध्यें घेतलें, व १८४० च्या सुमारास ती इंग्रजी फौजेंत रूढ झाली. हा क्रम विलायतेंत काळाचा निर्देश करतो. आपल्याकडे तितका करीत नाहीं. गार व टोपी दोन्हीं मिळूं लागल्यावरहि तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे बनत व वापरांत होती, कारण ती स्वस्त होती व गांवचा लोहार ती दुरुस्त करूं शके. म्हणून 'तोड्याची, सबब शिवकालीन' हा तर्क टिकत नाहीं.

उलट दिशेची फसवणूकहि चालते. चकमकीच्या कित्येक बंदुका १८४० नंतर टोपीच्या करण्यांत आल्या. आज चकमकीच्या बंदुकीस अधिक पैसा येतो, म्हणून त्यांतील कांहीं पुन्हां चकमकीच्या करून विकतात. हें ओळखण्यास तीन स्थळें पाहावीं. नळीच्या कानाजवळ भोक बुजवून पुन्हां पाडल्याची खूण आहे काय. चापाच्या पत्र्यावर बुजविलेलीं भोकें दिसतात काय. आणि रंजकाच्या ज्वाळेनें कानाभोंवतीं जी बारीक खड्ड्यांची झीज होते ती आहे कीं नाहीं. नवी चकमक आणि झिजलेली नळी, किंवा झिजलेला चाप आणि कोरा कान, अशी विजोड अवस्था दिसली तर थांबावें.

मळसूत्री खिळेहि पुष्कळ बोलतात. मळसूत्राचे आटे सर्वत्र एका मापाचे असावेत ही योजना विलायतेंत व्हिटवर्थ यांनीं १८४१ मध्यें मांडली. त्यापूर्वीं प्रत्येक कारागीर आपल्या हातानें आटे पाडी. ते थोडे वांकडे असत, डोक्यावरील खांच मध्यावर नसे, व एका भोकाचा खिळा दुसऱ्यास बसत नसे. सतराव्या शतकांतील म्हणून दाखविलेल्या बंदुकीचे सर्व खिळे एकसारखे व परस्परांत बदलण्याजोगे निघाले, तर निदान ते खिळे तरी त्या शतकांतले नव्हत.

नळीची परीक्षा आंतून व बाहेरून करावी. हातानें घडविलेल्या नळींत लोखंडाचा पत्रा वळवून किंवा पट्टी पेचदार गुंडाळून सांधा घाशीत असत. दिव्याच्या उजेडांत त्या सांध्याचा माग पुष्कळदां दिसतो. अगदीं एकसंध, गुळगुळीत नळी हल्लींच्या कारखान्याची असण्याचा संभव फार. पेचदार नळीच्या पृष्ठावर जो लहरींसारखा जौहर दिसतो तो धातूच्या थरांचा असतो. साध्या लोखंडावर आम्लानें उठविलेली नक्षी केवळ वरवरची असते, व नळीच्या तोंडाशीं किंवा झिजलेल्या कडेवर ती एकाएकीं संपते. सोन्याच्या कामाचेहि दोन प्रकार आहेत. खोल खोदून तार बसवितात तें तहनिशान. पृष्ठ खरवडून त्यावर पातळ तार किंवा वर्ख ठोकतात ती कोफ्तगरी. कोफ्तगरीचें काम एकोणिसाव्या शतकांत सियालकोटकडे विपुल होत असे, व उदेपुरास तें आजहि होतें. म्हणून जुन्या नळीवर नवें सोनें चढविणें अवघड नाहीं. सोनें झिजलेलें असून त्याखालील खरवड ताजी दिसत असेल, तर ती झीज काळानें केलेली नसून कानशीनें केलेली आहे असें समजावें.

खुणा, लेख व सन

बंदुकीवर खुणा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अकबराच्या शिलेखान्याचें वर्णन करतांना अबुल फजल सांगतो कीं, प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचें वजन, शुद्ध केल्यावर उरलेलें वजन, कारागिराचें नांव, स्थळ, महिना, वर्ष व अनुक्रमांक कोरीत असत. चितोडच्या वेढ्यांत, १५६८ मध्यें, जयमल्ल ज्या बंदुकीनें पडला तिचें नांव 'संग्राम' असल्याचेंहि तोच नमूद करतो. हें वर्णन संग्राहकांस उपकारक आहे, तसेंच खोटे लेख कोरणारांसहि आहे. सर्व रकाने व्यवस्थित भरलेला लेख दिसला म्हणजे विश्वास वाढूं न देतां भिंग बाहेर काढावें.

कंपनीच्या बंदुकांवर चापाच्या पत्र्यावर प्रथम हृदयाकृति चिन्ह असे. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागीं सिंहाचें चिन्ह आलें. वर्षाचा आंकडाहि तेथेंच असतो. परंतु सीमाप्रांतांत व अफगाणिस्थानांत या चापांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. २००१ नंतर तेथें गेलेल्या परदेशी सैनिकांनीं असल्या कित्येक नकला अस्सल समजून विकत घेतल्या. नकल करणारास इंग्रजी अक्षरें येत नसत, म्हणून अक्षरें उलटीं किंवा विपरीत पडतात. सिंहाचें शेपूट व हृदयाच्या रेषा यांचें प्रमाण बिघडतें. शिवाय चाप अस्सल कंपनीचा असला तरी चापावरील वर्ष हें चापाचें वर्ष होय. तें नळीचें वा दस्त्याचें नव्हे.

देशी लेखांत सनाचा घोंटाळा सर्वांत अधिक. केवळ आंकडा असून सनाचें नांव नसेल तर तो हिजरी, शुहूर, फसली कीं शक, हें प्रथम ठरविलें पाहिजे. उदाहरणार्थ ११७५ हा आंकडा घ्या. तो हिजरी मानला तर इ. स. १७६१-६२ येतें, शुहूर मानला तर १७७४-७५. पानिपतानंतरचें वर्ष कीं नारायणरावांच्या वधानंतरचें, एवढें अंतर एका गृहीतानें पडतें. टिपू सुलतानाच्या बंदुकांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्यानें मौलूदी नांवाचा स्वतःचा सन चालविला, व त्याचे आंकडे नाण्यांवर उजवीकडून डावीकडे लिहविले. मौलूदी १२२२ म्हणजे इ. स. १७९४-९५ चा सुमार. तोच आंकडा हिजरी समजला तर १८०७ येतें, आणि टिपू १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणास पडला असल्यानें अस्सल बंदूक खोटी ठरते. अज्ञानानें खोटें खरें ठरतें तसें खरें खोटेंहि ठरतें, तें असें.

शकाबरोबर संवत्सराचें नांव असेल तर पडताळा सोपा आहे. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. जी बाकी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, व बाकी शून्य आली तर साठावा घ्यावा. शके १५९६ मध्यें १२ मिळविले म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि शिवराज्याभिषेक आनंद संवत्सरांतच झाला. नर्मदेच्या उत्तरेकडील गणना निराळी आहे, हें मात्र विसरूं नये. तिथि व वार दिले असतील तर जंत्रीवरून आणखी बारकाईनें पाहतां येतें.

एक परीक्षा

या रीतीचा उपयोग कसा होतो तें एका प्रत्यक्ष उदाहरणानें स्पष्ट होईल. आमच्या भागांतील एका संग्राहकाकडे तोड्याची एक लांब बंदूक विक्रीस आली. तिच्या नळीवर देवनागरींत 'शके १६१७ ईश्वर नाम संवत्सरे' असा लेख होता, व ती ब्रह्मपुरीच्या छावणीवरील छाप्यांत मिळाली अशी वार्ता सोबत होती. मागितलेली रक्कम एवढी होती कीं ती देण्यासाठीं त्या गृहस्थास शेताचा एक तुकडा विकावा लागला असता. लेख वाचून देण्यासाठीं ती बंदूक माझ्याकडे आणण्यांत आली.

शके १६१७ म्हणजे इ. स. १६९५-९६, वर्ष छावणीशीं जुळतें. पण १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां बाकी ९ येते, व नववा संवत्सर युवा होय. ईश्वर हा अकरावा. तो शके १६१९ मध्यें येतो. तथापि एवढ्यावरून लेख खोटा म्हणणें अन्यायाचें झालें असतें. जुन्या कारकुनांच्या हातूनहि असले प्रमाद झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. म्हणून अक्षरें पाहिलीं. तीं छापील पुस्तकांतल्यासारखीं सुटीं व सारख्या अंतराचीं होतीं, आणि दोन शब्दांमध्यें जागा सोडलेली होती; जुन्या लेखांत शब्द एकापुढें एक सलग येतात. भिंगांतून पाहतां टांकीचा घाव गंजाच्या खड्ड्यांतून आरपार गेला होता. म्हणजे गंज आधीं व अक्षर मागून. लेख जुना असता तर गंजानें अक्षराची कड खाल्ली असती. येथें अक्षरानें गंज कापला होता.

सर्वांत निर्णायक पुरावा बंदांनीं दिला. नळी दस्त्याला ज्या पितळी बंदांनीं आंवळतात ते नवे होते, व लेख त्यांच्या मधल्या जागेंत नेटका बसला होता. परंतु जुन्या बंदांच्या खालचा भाग कमी गंजलेला असल्यामुळें त्यांचे पट्टे नळीवर अजून दिसत होते, आणि त्यांतील एक पट्टा बरोबर लेखाच्या मध्यावर येत होता. लेख मुळापासून असता तर जुन्या बंदाखालीं त्याचीं पांचसहा अक्षरें झांकून गेलीं असतीं. असें कोण कोरील? तेव्हां लेख नव्या बंदांनंतरचा हें उघड झालें.

नळी मात्र हातानें घडविलेली, पेचदार व चांगली जुनी होती. लेख नसता तर ती त्याच घडणीच्या इतर नळ्यांशीं ताडून पाहतां आली असती, व एक प्रामाणिक देशी बंदूक म्हणून तिला योग्य मोल मिळालें असतें. अधिक किंमतीच्या लोभानें कोरलेल्या त्या एका ओळीनें तिचें खरें मोलहि घालविलें, कारण ती ओळ आतां पुसतां येत नाहीं, व पुसली तर नळीचा जुना पृष्ठभागहि जाईल. संग्राहकानें ती बंदूक घेतली नाहीं. शेत राहिलें.

कागद असणें व नसणें

बंदुकीबरोबर मोडी यादी किंवा पत्र दाखविण्यांत आलें तर त्या कागदाची परीक्षा बंदुकीहून निराळी करावी. कागद अस्सल असूं शकतो व बंदूक त्यांतली नसूं शकते. 'बंदूक तोडेदार १' एवढ्या नोंदीवरून ती कोणती हें ठरत नाहीं. लांबी, वजन, चांदीच्या बंदांची संख्या, नळीवरील खूण असा कांहीं विशेष नोंदींत असेल तरच दोहोंची गांठ पडते. विलायती कागद असेल तर उजेडांत धरून पाणचिन्हांतील वर्ष पाहावें.

कागद नसणें हा मात्र खोटेपणाचा पुरावा नव्हे. १८५७ च्या शस्त्रबंदीच्या कायद्यानें शस्त्रें जमा करण्याची सक्ति झाली. मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेडरांनीं त्याच वर्षीं त्याविरुद्ध बंड केलें. पुढें १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला. ज्यांनीं त्या काळीं शस्त्र लपवून ठेवलें त्यांनीं त्याचा कागद करून ठेवावा अशी अपेक्षाच करतां येत नाहीं.

लेख अस्सल असतांहि त्याचा अर्थ बेतानें घ्यावा. रघूजी भोसले यांच्या नांवाची जी तरवार महाराष्ट्र शासनानें एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत सुमारें ४७ लक्ष रुपयांस घेतली, तिच्यावर देवनागरी लेख आहे आणि पातें मात्र फिरंगी, म्हणजे युरोपांत घडलेलें. घडण एका देशाची व मालकी दुसऱ्या देशाची यांत विरोध नाहीं. महादजी शिंद्यांच्या पलटणींसाठीं आग्र्याच्या कारखान्यांत सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं विलायती धर्तीच्या बंदुका होत. विलायती घाट दिसला म्हणून ती बंदूक इंग्रजांचीच असें समजूं नये.

किंमत

किंमत ठरते ती लोखंडावरून नव्हे, सिद्ध झालेल्या पूर्वपीठिकेवरून. अमेरिकेंत १८८१ मध्यें पॅट गॅरेटनें ज्या कोल्ट पिस्तुलानें बिली द किड या दरोडेखोरास मारलें, तें ऑगस्ट २०२१ मध्यें ६० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. त्या जातीचीं पिस्तुलें विपुल आहेत. परंतु या पिस्तुलाच्या मालकीविषयीं गॅरेटच्या विधवेनें पूर्वीं न्यायालयांत दावा लावला होता, आणि तें कोणाकडून कोणाकडे गेलें याची सांखळी त्यामुळें कागदावर आली होती. टिपूच्या बंदुकांतहि असेंच अंतर दिसतें. एप्रिल २०१५ मध्यें लंडन येथें त्याच्या एका चकमकीच्या शिकारी बंदुकीस ७,२२,५०० पौंड आले. मार्च २०१९ मध्यें इंग्लंडांतील एका घराच्या माळ्यावर सांपडलेली, लढाईंत मोडतोड झालेली दुसरी बंदूक ६०,००० पौंडांस गेली. नांव एकच, किंमत बारापटीनें निराळी.

दुर्मिळपणाचाहि भरंवसा नाहीं. काठमांडूच्या लगन सिलेखान्यांत पडून असलेला जुन्या बंदुकांचा प्रचंड सांठा २००३ मध्यें नेपाळांतून अमेरिकन व्यापाऱ्यांकडे गेला, आणि ज्या जाती पूर्वीं क्वचित् दिसत त्या एकदम बाजारांत आल्या. आज एकच म्हणून घेतलेली वस्तु उद्यां शंभरांतली एक ठरूं शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, परदेशी लिलांवांतील आंकडे आपल्या बाजारास लागू पडत नाहींत. १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात केंद्र सरकार वा त्यानें नेमलेल्या संस्थेखेरीज कोणास करतां येत नाहीं, व अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. जी वस्तु समुद्रापलीकडे जाऊं शकत नाहीं तिला तिकडचा भाव सांगणें निरर्थक आहे.

कायदा व जीवित

१९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुनाट घाटाचीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलीं किंवा मोडकीं शस्त्रें वगळलीं आहेत. पण तीं दुरुस्त केल्यानें वा न करतां बंदूक म्हणून उपयोगांत येण्याजोगीं नसावींत, अशी अट आहे. केवळ वय पुरेसें नाहीं. तोड्याची बंदूक तर अत्यंत साधी. चांगल्या स्थितींतली नळी असेल तर ती चालण्याजोगी नाहीं असें कोण म्हणेल? येथें संग्राहकाची मोठीच कुचंबणा होते. जितकी वस्तु सुस्थितींत तितकें तिचें मोल अधिक, आणि तितकीच ती कायद्याच्या कक्षेंत येण्याची भीतीहि अधिक. कोणी नळींत शिसें ओतून किंवा भोक पाडून ती निकामी करण्याचा सल्ला देतात. तो ऐकूं नये, कारण त्यानें साधनच नष्ट होतें. पैसे देण्यापूर्वीं जिल्हाधिकारी कचेरींतील परवाना-शाखेकडे वर्णन व छायाचित्रें देऊन लेखी अभिप्राय घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्यावर ठेवण्याच्या बंदुकांची मर्यादा तिहींवरून दोहोंवर आली असून वारशानें आलेल्या बंदुकांसहि तीच लागू आहे. नियम वेळोवेळीं बदलत असल्यानें चालू नियम पाहूनच व्यवहार करावा.

शेवटची सूचना सर्वांत आधीं पाळावयाची आहे. जुनी बंदूक भरलेली असूं शकते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनींहि पेटते. हातीं घेतांच गज नळींत टाकून आंतील खोली मोजावी, व बाहेरून तोंडापासून कानापर्यंतच्या लांबीशीं ताडून पाहावी. आंतील माप बोटभर जरी कमी आलें तरी आंत कांहीं आहे असें समजून जाणत्याच्या स्वाधीन करावी. नळी तापवूं नये, कानाशीं दिवा नेऊं नये, व गंज काढण्यासाठीं आम्ल किंवा विटकरीची भुकटी लावूं नये. पहिल्या दोन गोष्टींनीं माणूस जाईल. तिसरीनें पुरावा जाईल.

तात्पर्य, क्रम असा असावा : प्रथम भरलेली नाहीं याची खात्री; मग तिन्हीं अंगांची वेगवेगळी पाहणी; मग खुणा व सन यांचा पडताळा; मग कागद; मग कायदा; आणि सर्वांच्या शेवटीं वार्ता व किंमत. विकणारा हाच क्रम उलटा चालवितो.

आपल्याकडील देशी बंदुकांचीं मापें, चिन्हें व लेख यांची एकत्र सूचि होणें अगत्याचें आहे, कारण ताडून पाहण्यास निश्चित काळाचीं उदाहरणें हातीं नसल्यामुळेंच निम्मा संशय उरतो. ज्या वाचकांच्या घरीं किंवा गांवच्या देवळांत अशी बंदूक असेल त्यांनीं ती न घांसतां तिच्या नळीची लांबी, तोंडाचा व्यास, वजन, बंदांची संख्या व लेखाचा कागदी ठसा घेऊन ठेवावा. विकत घेणाऱ्याचा त्यानें बचाव होईल, आणि ज्यांनीं आजवर वस्तु जपली त्यांनाहि तिचें खरें मोल कळेल.